जुन्या इलेक्ट्रॉनिक तालपॅडचे दोषनिदान व पुनरुज्जीवन : ऑक्टापॅडच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागाचे कपाट उघडले की हार्मोनियम, ढोलकी आणि तबल्याच्या जोडीशेजारी एखादे जुने ऑक्टापॅड पुष्कळदा आढळते. स्नेहसंमेलनासाठी कधीकाळी घेतलेले हे वाद्य काही वर्षे वाजते; मग त्यातील एक-दोन पॅड मुके होतात आणि पुढील साठा-पडताळणीच्या वेळी ‘नादुरुस्त’ असा शेरा पडून ते निर्लेखनाच्या यादीत जाते. पेटीचा एखादा सूर बसला म्हणून आपण पेटी टाकून देत नाही. तबल्याची पुडी फाटली तर ती बदलून घेतो. इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या बाबतीत मात्र ‘आतले सर्किट गेले’ हे एक वाक्य पुरेसे ठरते व त्यावर कोणी प्रतिप्रश्न करीत नाही.

प्रस्तुत लेखकाकडे काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या तोंडावर एका ऑर्केस्ट्रा-वादकाचे आठ पॅडांचे वाद्य आले. तीन पॅड बंद, एक पॅड स्वतःहून दोनदा वाजणारा, आणि शेजारच्या शहरातील एका दुकानात ‘मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या’ असा निर्वाळा मिळालेला. त्या वादकाच्या दृष्टीने हा हंगामाच्या कमाईचा प्रश्न होता. वाद्य उघडल्यावर मदरबोर्ड पूर्णतः निर्दोष असल्याचे दिसून आले. दोष होता तो रबराखाली कुजलेल्या फोममध्ये, तुटलेल्या दोन बारीक तारांमध्ये आणि तडकलेल्या एका चकतीमध्ये. त्यानंतर हाताळलेल्या इतर वाद्यांतही थोड्याफार फरकाने हाच अनुभव आला. जुने तालपॅड बहुधा त्याच्या ‘मेंदूत’ बिघडत नाही. ते आघात झेलणाऱ्या, स्वस्त आणि सहज बदलता येण्याजोग्या भागांत बिघडते. ते निकालात निघते ते मात्र चुकीच्या निदानामुळे. या निदानाची पद्धत कोणती असावी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील सिमन्स कंपनीचा एसडीएस-फाइव्ह हा षट्‌कोनी पॅडांचा संच १९८१ साली बाजारात आला. त्याचा पृष्ठभाग कठीण पॉलिकार्बोनेटचा असल्याने वादकांची मनगटे दुखत अशी तक्रार होती. पुढील काळात रबरी पृष्ठभाग आले त्यामागे हेही एक कारण होते. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी मिडी ही संकेतप्रणाली प्रत्यक्षात आली आणि १९८५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने पॅड-८ हे मॉडेल ‘ऑक्टापॅड’ या नावाने आणले. या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही ध्वनी नव्हता. आघाताचे मिडी संदेशात रूपांतर करणे एवढेच त्याचे काम, ध्वनी दुसऱ्या यंत्रातून येई. पुढील मॉडेल्समध्ये ध्वनी आतच साठविले गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेले एसपीडी-२० तर आपल्याकडील ऑर्केस्ट्रा, बँजो पार्ट्या आणि भजनी मंडळांपर्यंत पोहोचले. आज कोणत्याही कंपनीच्या बहुपॅडी वाद्याला आपले वादक ‘ऑक्टापॅड’च म्हणतात. एका उत्पादनाचे नाव अशा रीतीने सामान्यनाम होणे हे त्याच्या प्रसाराचे पुरेसे द्योतक आहे.

आघातापासून ध्वनीपर्यंतची साखळी

निदानापूर्वी आघाताचा प्रवास समजून घेणे आवश्यक आहे. स्टिक रबरावर पडते. रबराचे कंपन त्याखालील धातूच्या वा प्लॅस्टिकच्या पट्टीस मिळते. त्या पट्टीला चिकटविलेला संवेदक कंपनाचे विद्युत्‌दाबात रूपांतर करतो. पुढे हा दाब मर्यादित केला जातो, कारण जोरदार आघाताने संवेदकातून क्षणभर दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब निर्माण होऊ शकतो व तो तसाच आत गेल्यास नाजूक घटक निकामी होतील. त्यानंतर सूक्ष्मप्रक्रियक एक-दोन मिलिसेकंद थांबून दाबाचा शिखरबिंदू मोजतो आणि त्यास १ ते १२७ मधील एक अंक देतो. मिडी प्रणालीत यालाच ‘व्हेलॉसिटी’ म्हणतात. (शून्य हा अंक आघातासाठी वापरता येत नाही, तो स्वर थांबविण्याचा संकेत मानला जातो.) या अंकानुसार ध्वनी लहान किंवा मोठा वाजतो.

संवेदकाचे प्रमुख प्रकार दोन. पहिला दाबविद्युत म्हणजेच पिझो चकतीचा. पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत्‌भार निर्माण होतो हे दाखवून दिले, त्याच परिणामावर ही चकती चालते. पितळेच्या पातळ तबकडीवर सिरॅमिकचा थर व त्यावर चांदीचा मुलामा असे तिचे स्वरूप असते. दुसरा प्रकार दाबरोधक पट्टीचा. यात प्लॅस्टिकच्या दोन पातळ पडद्यांमध्ये वाहक शाईचा थर असतो. दाब पडला की पट्टीचा विद्युत्‌रोध एकदम घटतो. आपल्या हातातील वाद्यात यांपैकी कोणता संवेदक आहे हे उघडल्याबरोबर पाहून घ्यावे, कारण पहिला विद्युत्‌दाब निर्माण करतो तर दुसरा केवळ रोध बदलतो. साहजिकच दोघांची तपासणी भिन्न आहे.

निदानाचे तत्त्व

साखळी कोठे तुटली आहे हे शोधताना एका टोकापासून सुरुवात करून एकेक कडी तपासत जाणे हे वेळखाऊ आहे. साखळीचे दोन भाग करून दोष कोणत्या भागात आहे ते आधी ठरवावे. ऑक्टापॅडच्या बाबतीत यासाठी एक अत्यंत सोयीची परिस्थिती उपलब्ध असते, ती म्हणजे एकाच पेटीत असलेले आठ समान पॅड. प्रयोगशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर नियंत्रित नमुना आपल्याजवळच आहे. समजा तिसरा पॅड मुका आहे आणि चौथा व्यवस्थित वाजतो. दोन्ही संवेदकांच्या तारा मंडलपट्टाला जेथे जोडल्या आहेत तेथे त्यांची अदलाबदल करावी. आता चौथ्या पॅडवर आघात केल्यावर तिसऱ्याचा ध्वनी आला आणि तिसऱ्यावर आघात करूनही काहीच वाजले नाही, तर दोष संवेदकात, तारेत किंवा फोममध्ये आहे. उलट तिसऱ्यावर आघात केल्यावर चौथ्याचा ध्वनी आला, तर संवेदक निर्दोष असून दोष मंडलपट्टावर आहे. पाच मिनिटांची ही चाचणी केल्याविना ‘मदरबोर्ड गेला’ असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकही पॅड वाजत नसेल तर संशयाची दिशा बदलते. अशा वेळी वाद्याचे मिडी निर्गम संगणकाला जोडून आघाताबरोबर अंक उमटतात का ते पाहावे. अंक उमटत असतील तर पॅड, संवेदक व प्रक्रियक हे सर्व कार्यरत असून दोष ध्वनिनिर्गमात आहे. तो पुष्कळदा ६.३५ मिलिमीटरच्या जॅकमधील गंजलेल्या संपर्कपट्टीत किंवा आवाजाच्या बटणातील धुळीत सापडतो. अंकच उमटत नसतील तर वीजपुरवठ्याकडे वळावे.

पिझो चकतीची तपासणी

मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टच्या लहान पट्टीवर ठेवून चकतीच्या दोन टोकांना लावावा व पॅडवर बोटाने टिचकी मारावी. आकडा हलला पाहिजे. अधिक विश्वासार्ह चाचणी धारिता मोजण्याची. २७ मिलिमीटर व्यासाच्या सर्वसाधारण चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड असते. नेमका आकडा चकतीगणिक बदलतो, म्हणून येथेही शेजारील सात पॅडांचा आधार घ्यावा. सातांची धारिता जवळपास सारखी आणि आठव्याची निम्मी आली तर त्या चकतीचे सिरॅमिक तडकलेले आहे असे समजावे. विलग झालेला तुकडा मोजणीतून वगळला जातो म्हणून धारिता घटते. आकडा शून्याच्या आसपास आला तर तार तुटली असण्याचा संभव अधिक. उपरोक्त वाद्यात मुक्या तीन पॅडांपैकी दोहोंची हीच स्थिती होती. तार डाखाच्या अगदी मुळाशी तुटली होती, वरचे प्लॅस्टिकचे आवरण मात्र शाबूत असल्याने डोळ्यांना ती अखंडच दिसत होती.

नवीन चकती स्वस्त असते व इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळते, तथापि ती बसविताना तीन गोष्टींकडे दुर्लक्ष होऊ नये. पहिली गोष्ट आकारमान. व्यास व जाडी मूळ चकतीइतकीच हवी, अन्यथा एक पॅड इतरांपेक्षा ‘गरम’ वाजतो. दुसरी गोष्ट ध्रुवता. तारा उलट जोडल्यास आघाताची पहिली लाट ऋण दिशेने जाते. केवळ धन लाट मोजणारे मंडल मग दुसऱ्या अर्ध्या लाटेची वाट पाहते आणि आघाताची ताकद चुकीची नोंदली जाते. पॅड वाजतो, पण वादकाला ‘हात बसत नाही’ असे वाटत राहते व कारण सापडत नाही. म्हणून जुनी चकती काढण्यापूर्वी तारांच्या रंगांची नोंद करावी.

तिसरी गोष्ट उष्णता. दाबविद्युत सिरॅमिक ठराविक तापमानापलीकडे तापले की त्यातील ध्रुवित रचना विस्कटते व ते कायमचे निकामी होते. (या तापमानालाही क्यूरी यांचेच नाव आहे.) शिसे-झिर्कोनेट-टायटॅनेट या प्रचलित सिरॅमिकच्या बाबतीत ते सर्वसाधारणतः दोनशे ते साडेतीनशे अंश सेल्सियसच्या दरम्यान असते, आणि डाख देण्याच्या इस्त्रीचे टोक सहज साडेतीनशेपर्यंत तापलेले असते. टोक चांदीच्या थरावर एक-दोन सेकंदांहून अधिक टेकवू नये; एका प्रयत्नात डाख बसला नाही तर चकती थंड होऊ द्यावी. विद्यार्थ्यांना हे काम देणाऱ्या अध्यापकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : या सिरॅमिकमध्ये शिसे असते. ते घासणे किंवा तासणे कटाक्षाने टाळावे व काम झाल्यावर हात धुवावेत.

फोम, रबर आणि आर्द्रता

या विषयात सर्वाधिक दुर्लक्षित घटक कोणता असेल तर तो फोम होय. चकती व पट्टी यांच्यामध्ये, तसेच रबराच्या खाली, फोमचा पातळ थर असतो. तो कंपन संवेदकापर्यंत पोहोचवितो आणि त्याच वेळी ते आवरूनही धरतो. पॉलियुरेथेन फोमचा एस्टर वर्गातील प्रकार हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. प्रथम तो चिकट होतो, मग काकवीसारखा गळतो व शेवटी त्याचा भुगा होतो. कोकण आणि गोव्यातील पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या वाद्याच्या बाबतीत ही क्रिया अधिक वेगाने घडते, हे वेगळे सांगावयास नको. ईथर वर्गातील फोम ओलाव्यास अधिक दाद देत नाही, म्हणून बदलताना त्यास प्राधान्य द्यावे.

कुजलेला फोम काढण्यासाठी थिनर किंवा पेट्रोल वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. ती घातक आहे. या द्रावकांनी रबर फुगते व प्लॅस्टिक विरघळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन धीराने पुसले तर तेच काम सुरक्षितपणे होते. नव्या फोमची जाडी जुन्याच्या मूळ जाडीइतकी असावी. दबलेल्या थराची जाडी मोजून फसू नये, पॅडच्या कडेला स्टिक कधी पडत नाही तेथील तुकडा मोजावा. एका मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो. फोम जाड झाला तर हळुवार आघात त्यातच विरतात, पातळ झाला तर पॅड खणखणीत व उतावळा होतो.

एकदा मारले, दोनदा वाजले

दुहेरी आवाज ही वादकांची सर्वांत मोठी तक्रार. आघातानंतर पॅड लगेच शांत होत नाही, काही मिलिसेकंद थरथरत राहतो. ही थरथर नवा आघात समजली जाऊ नये म्हणून प्रक्रियक काही काळ त्या पॅडकडे लक्षच देत नाही. हा ‘दुर्लक्ष-काल’ अनेक वाद्यांत कमी-अधिक करता येतो. तो वाढविला की दुहेरी आवाज थांबतो, आणि बहुतेक जण तेथेच समाधान मानतात. पण त्याची किंमत पाहू. दोन्ही हातांनी मिळून सेकंदाला वीस आघात पडणाऱ्या जलद बोलांत दोन आघातांमधील अंतर ५० मिलिसेकंद असते. दुर्लक्ष-काल ६० मिलिसेकंद ठेवला तर दर दुसरा आघात गिळला जाईल. वादक म्हणेल यंत्र मंद आहे, आणि ते मंद आपणच केलेले असेल.

शेजारच्या पॅडचा आवाज येण्याचा दोषही याच जातीचा आहे. आठही पॅड एकाच पेटीत बसविलेले असल्याने एकाचे कंपन पेटीतून दुसऱ्याकडे जाते. ते अडविण्यासाठी पॅडांखाली रबरी गाद्या असतात. वीस-पंचवीस वर्षांत त्या दगडासारख्या कडक होतात. अशा वेळी संवेदनशीलतेचा उंबरठा वाढविणे हा सोपा मार्ग दिसतो. त्याने शेजारचा आवाज बंद होतो, परंतु त्याबरोबर हलके आघातही बंद होतात. ढोलकीच्या अंगाने वाजविणाऱ्याच्या हातात भरीचे, दबक्या आवाजाचे बोलच अधिक असतात. मुख्य आघात मोजके. उंबरठा वाढविलेल्या पॅडवर तोच ठेका वाजवून पाहिला तर सांगाडा ऐकू येतो, अंग नाहीसे होते. म्हणूनच यांत्रिक दोषावर यांत्रिक उपाय आधी करावा, म्हणजे गाद्या व फोम बदलावेत, स्क्रू सारख्या ताणाने आवळावेत आणि त्यानंतरच आकड्यांना हात लावावा. वादकाच्या वाद्यातील दुहेरी वाजणारा पॅड केवळ फोम बदलल्याने सुधारला. एकही आकडा बदलावा लागला नाही.

दाबरोधक पट्टी

या प्रकारात दुरुस्तीला वाव मर्यादित आहे. मल्टिमीटरने रोध मोजावा. दाब नसताना तो अतिशय उच्च, बहुधा मीटरच्या मर्यादेपलीकडे, आणि दाबल्यावर काही किलोओहमपर्यंत उतरणारा असावा. दाब नसतानाही रोध कमी असेल तर पडद्यांमध्ये ओलावा शिरला आहे किंवा वरचे रबर फुगून पट्टी सतत दाबली जात आहे. दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण ती विनामूल्य सुटते. पट्टीची शेपटी जेथे मंडलपट्टात शिरते तो सांधा अल्कोहोलने स्वच्छ करावा. त्या शेपटीस डाख देण्याचा मोह टाळावा. प्लॅस्टिक वितळून पट्टी कायमची जाते.

वीजपुरवठा, बॅटरी आणि स्मृती

रोलँडच्या नऊ व्होल्टच्या अनेक उपकरणांत अ‍ॅडॉप्टरच्या पिनेचा मध्य ऋण व बाहेरील भाग धन असतो. बाजारातील पुष्कळ साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये हे नेमके उलट असते. पिन बसते म्हणून अ‍ॅडॉप्टर चालेल असे समजणे ही महागडी चूक आहे. उपकरणावरील खूण पाहूनच जोडणी करावी. परदेशातून कोणी आणलेल्या वाद्याबाबत तर अधिकच दक्षता हवी. जपानमध्ये १०० व अमेरिकेत १२० व्होल्टचा पुरवठा असतो; असे वाद्य थेट आपल्या २३० व्होल्टला जोडल्यास रोहित्र जळते. आत रोहित्र असलेले वाद्य उघडताना पिन काढून ठेवावी व मोठी धारित्रे विसर्जित होण्यास वेळ द्यावा. जुन्या विद्युत्‌अपघटनी धारित्रांची डोकी फुगली असल्यास किंवा निर्गमात सतत घूं असा आवाज येत असल्यास ती बदलणे इष्ट.

पुष्कळ जुन्या वाद्यांत वादकाने बसविलेल्या जुळण्या टिकविण्यासाठी तीन व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती क्षीण झाली की चालू करताना पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात, पॅडांचे ध्वनी सरमिसळ होतात, आणि हेही ‘सर्किट गेले’ याच सदरात टाकले जाते. बॅटरी बदलल्यावर मूळ कारखानी मांडणी पुन्हा भरली की यंत्र चालू लागते. मात्र एक गोष्ट परत येत नाही. कोणत्या पॅडवर कोणता ध्वनी, किती उंच, किती लहान अशा वर्षानुवर्षे घडविलेल्या वादकाच्या जुळण्या बॅटरी काढताक्षणी पुसल्या जातात. म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी, वाद्यात सोय असल्यास, संपूर्ण स्मृती मिडीद्वारे संगणकात साठवून घ्यावी. सोय नसल्यास कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक जुळणी उतरवून काढावी. या कामी प्रस्तुत लेखकाची एक अख्खी संध्याकाळ गेली. चकत्या आणि तारा बसविण्यास त्याहून कमी वेळ लागला होता.

काय बदलावे, काय ठेवावे

पुनरुज्जीवन म्हणजे सर्व काही नवे करणे नव्हे. आठही चकत्या एकदम बदलाव्यात असा सल्ला काही तंत्रज्ञ देतात व समान प्रतिसादाच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. पण वादकाचा हात त्या विशिष्ट पॅडांवर तयार झालेला असतो. उपरोक्त वादकाने वाद्य वाजवून पाहिले तेव्हा नव्या फोमच्या पॅडांबद्दल तक्रार केली नाही. खालच्या रांगेतील, कधीच न बिघडलेल्या एका पॅडचे गुळगुळीत झालेले रबर मात्र बदलू नये असे त्याने आवर्जून सांगितले. मोजमापानुसार तो पॅड इतरांपेक्षा किंचित मंद आहे. तो तसाच ठेवला.

जे बदलले त्याची नोंद एका चिठ्ठीवर करून ती झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविली : दिनांक, पॅडचा क्रमांक, जुन्या व नव्या चकतीची धारिता, फोमची जाडी, तारांचे रंग, बॅटरी बदलल्याचे वर्ष. महाविद्यालयातील वाद्यासाठी हीच नोंद डेड स्टॉक नोंदवहीत त्या वाद्यासमोर करावी, म्हणजे पुढील पडताळणी समितीला शेरा लिहिण्यापूर्वी झाकण उघडून पाहता येईल.